बिडाचा जुना पथदिवा: रंगाआधी पाण्याची वाट शोधा

जुना पथदिवा जपायचा म्हटलं की लोक आधी रंगाचा डबा उघडतात. खरं तर पहिली गरज लोहचुंबकाची. चुंबक चिकटलं नाही तर खांब बहुधा ॲल्युमिनियमचा, म्हणजे अलीकडची नक्कल. चिकटलं तर बीड (ओतीव लोखंड) किंवा पोलाद. बिडावर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ दिसते आणि बुडाशी रंगाखाली दडलेलं ओतशाळेचं नावही कधीकधी सापडतं. कंदिलाखालची आडवी दांडी शोभेची समजून कापू नका. दिवा पेटवणारा माणूस तिला शिडी टेकवत असे.

खांब संपतो तो पाण्यामुळे, तेही आतून. कंदिलाच्या छपरातून किंवा सैल सांध्यातून शिरलेलं पाणी पोकळ खांबातून उतरतं आणि बुडाशी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून बुडाला आतून दाब बसून उभा तडा जातो. बुडाशी पाणी निघून जायला भोक असेल तर ते सिमेंटनं किंवा लांबीनं (पुट्टीनं) बुजवणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तारेनं ते मोकळं करा. वरचे सांधे मात्र नीट बंद हवेत.

तड्यावर साधं वेल्डिंग नको. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. जोडाशेजारचा भाग झटकन थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनतो, आणि नवा तडा तिथेच जातो. त्यापेक्षा तड्याला आडवी भोकं पाडून धातूच्या चाव्या (तडा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) ठोकणं आणि मधली जागा स्क्रूंनी भरणं, ही न तापवता होणारी ‘स्टिचिंग’ची पद्धत सुरक्षित. एखादा भाग नव्यानं ओतायचा असेल तर जुन्या तुकड्यावरून थेट साचा काढू नका. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं, त्यामुळे नवा भाग लहान निघतो आणि सांधा जुळत नाही. नमुना तेवढा मोठा करून घ्यावा लागतो.

आता रंग. जुन्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता असते, म्हणून कोरडं घासणं किंवा जाळणं टाळा. रंग काढायचं रसायन लावून तो ओला असतानाच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा आणि निघालेला रंग घातक कचरा म्हणून वेगळा द्या. त्याआधी एका आडोशाच्या कोपऱ्यात धारदार पात्यानं थर एकेक करून उघडा. सर्वांत खालच्या प्रायमरवरचा थर हाच बहुधा मूळ रंग. तळहाताएवढा जुना रंग तिथे पुराव्यासाठी तसाच ठेवा. उघडं बीड काही तासांत गंजायला लागतं, तेव्हा साफ केल्याच दिवशी झिंक फॉस्फेटयुक्त इपॉक्सी प्रायमर लावा. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल तर काम थांबवा. वरचे हात पातळच द्या, जाड रंगाखाली पानाफुलांची नक्षी बुजते.

तांब्या-पितळेच्या कंदिलात लोखंडी स्क्रू बसवले की ओल लागताच स्क्रू झपाट्यानं गंजतात, म्हणून स्क्रू पितळेचेच घ्या. लहरी दिसणारी जुनी काच शाबूत असेल तर ती बदलू नका, जवसाच्या तेलाची लांबी नव्यानं भरा. छपरातली हवेची जाळी बुजवू नका. आत एलईडी लावला तरी उष्णता बाहेर पडायलाच हवी, नाहीतर त्याचा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) लवकर जातो. प्रकाश २७०० केल्विन (प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उबदार पिवळसर) किंवा त्याहून उबदार निवडा, झोत जुन्या ज्योतीच्या उंचीवरच ठेवा आणि खांबाला नवी भोकं न पाडता, काढता येईल अशा कंसावर (ब्रॅकेटवर) बसवा. वीजजोडणी आणि अर्थिंगचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आत गॅसच्या काळातलं मेंटल (ज्योतीवर तापून उजेड देणारी नाजूक जाळी) सापडलं तर ते चुरगाळू नका आणि त्याची धूळ फुंकू नका, कारण जुन्या मेंटलमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं.

वर्षातून एकदा साबणपाण्यानं धुवा, बुडाचं भोक तपासा आणि लाकडी हातोडीनं हलकेच वाजवून पाहा. एका जागी आवाज खणखणीत आणि शेजारी बद्द आला, तर तिथला रंग खरवडून तडा शोधा.