रामटेक-नगरधन पायी गोल चक्कर: एका दिवसात कशी मारायची

मुलगी फ्रान्सला लिमोजमध्ये शिकत होती तेव्हा मी दीड महिना तिच्याकडे जाऊन राहिलो होतो, अन् रविवारी तिथं सगळंच बंद असते म्हणून ती मला खेड्यात चालायला न्यायची. चर्चसमोर गाडी लावायची, पंधरा-अठरा किलोमीटर चालायचं, मधात दोन-तीन खेडी, ओक अन् चेस्टनटचं जंगल, तांबूस रंगाच्या धष्टपुष्ट गाई, अन् फिरून बरोबर त्याच चर्चसमोर. रस्ता कोणाला विचारायचं कामच नाही, कारण झाडावर, खांबावर, दगडावर पिवळी पट्टी मारलेली असते. पट्टी दिसली म्हणजे बरोबर चालले, पट्ट्यांची फुली दिसली म्हणजे चुकले, मागं फिरा. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरी-लाल पट्टी असते, त्या वाटांसाठी तिथं १९४७ साली कमिटी बनली होती, म्हणजे इकडे आपण झेंडा फडकवत होतो तेव्हा ते लोक झाडावर पट्ट्या कुठं मारायच्या हे ठरवत होते. पाणी संपलं तर कब्रस्तानात जायचं, खरंच सांगतो, कबरीवरच्या फुलझाडांसाठी तिथं नळ असतो अन् चालणारे लोक तिथंच बाटली भरतात, फक्त पिण्याचं नाही अशी पाटी तर नाही ना तेवढं पाहून घ्यायचं.

परत आलो अन् ठरवलं की असंच आपल्याकडे, नागपूरजवळच्या रामटेकला करायचं, अन् पहिल्याच वेळी तोंडावर पडलो. ऑक्टोबरचा शेवट होता, मी अन् माझा साळा, आरामात साडेनऊला निघालो कारण तिकडे तसंच निघायची सवय लागली होती. साडेबाराला धानाच्या बांधीत उभे होतो, डोक्यावर सावली नाही, बाटलीत पाणी नाही, अन् मोबाईलच्या नकाशावरची पांदण, म्हणजे वावरांमधून जाणारी बैलबंडीची वाट, समोर तुरीत जाऊन संपलेली. शेवटी साळ्याच्या पोराला फोन करून मोटरसायकल बोलावली, ट्रिपल सीट परत आलो. त्याच्यानंतर चार-पाच वेळा ही चक्कर नीट झाली, आता पाहुणे आले तरी घेऊन जातो, म्हणून जे कळलं ते सांगून राहिलो.

सगळ्यात आधी वेळ. आपल्याकडे अशी चक्कर घड्याळ ठरवते, पाय नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, एवढाच सीझन धरा. होळीच्या आसपास पळस फुलतो, दिसायला तेच दिवस भारी, पण तेव्हा अकरालाच अंग भाजायला लागते, तेव्हा पळस पाहायचा तर अर्धीच चक्कर मारा. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नका, शंभर पावलांत एकेका बुटाला किलोभर चिखल, अन् तो झटकून पडत नाही, काडीनं खरडावा लागतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास निघतो, साडेपाचनंतर मावळतो. उजाडल्यावर निघायचं, अंधारात नाही (कारण खाली सांगतो), अन् बारा वाजेपर्यंत दोन-तृतीयांश चक्कर झाली पाहिजे. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर, म्हणजे रामाचं देऊळ आहे त्या टेकडीवर, जत्रा असते, तेव्हा जत्रेलाच जा, चालायला दुसरा दिवस पहा.

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर, एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही येते, पण मुक्कामी आदल्या रात्री पोचलेलं बरं. सकाळी गावात तर्री-पोहे खायचे, तर्री जरा कमी घ्यायची, पुढं जंगल आहे अन् आडोसा शोधत बसायची वेळ नको यायला.

मग गड. पायऱ्यांनी चढा, गाडीरस्त्यानं नाही. वर वराहाची भलीमोठी दगडी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून जो पलीकडे निघाला तो पापी नाही असं लोक म्हणतात, माझं पाप की माझं पोट माहीत नाही पण मी प्रयत्नच केला नाही. नरसिंहाची दोन जुनी देवळं आहेत, वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची, तिथं लोक थांबत नाहीत, सरळ रामाच्या दर्शनाला निघून जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं विद्वानांनी मांडलं आहे, म्हणून इथं त्याचं स्मारकही आहे. हातात प्रसाद, केळी, कुरकुऱ्याचं पाकीट काहीही दिसेल असं ठेवू नका, वानरं लय चालू आहेत, माझ्यासमोर एकानं एका बाईच्या पर्समधून चष्म्याचं डबडं काढून उघडून पाहिलं अन् खायचं नाही म्हणून फेकून दिलं.

दुसऱ्या बाजूनं अंबाळ्याकडे उतरायच्या जुन्या पायऱ्या आहेत. पूर्ण चक्करमधला हाच तुकडा मला सगळ्यात आवडतो. टेकडी घोड्याच्या नालीसारखी वळलेली, मधात अंबाळा तलाव, काठानं घाट अन् देवळं, दोन्हीकडे सागवान, पळस, अन् सीताफळाची झुडपं. सकाळी आठला तलावावर धूर असतो तसं धुकं असते अन् घाटावर कोणीतरी मुंडण करून बसलेलं असते, कारण इथं अस्थी विसर्जनाचे विधी चालतात. तेव्हा मोबाईल काढून फोटो मारत सुटू नका, लोक दुःखात असतात.

अंबाळ्यावरून बाहेर पडलं की नगरधनची दिशा धरायची, दक्षिणेला पाच-सहा किलोमीटर. डांबरी रोड आहेच, पण रोडनं चालायचं तर मग घरीच कॉलनीत फेऱ्या मारा ना. इथं खरा खेळ सुरू होतो, म्हणजे पांदण शोधायचा.

पांदण कशी शोधायची ते नीट सांगतो, कारण हे कळलं की रामटेकच काय, तुमच्या स्वतःच्या गावाभोवती अशी चक्कर आखता येते. सरकारचा गाव नकाशा आता ऑनलाइन दिसतो, नाहीतर तलाठ्याकडे असतोच. त्याच्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, अन् एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटाची. कागदावर. जमिनीवर त्याच्यातलं किती उरलं हा प्रत्येक गावातला भांडणाचा विषय आहे, दोन्हीकडचे धुरे, म्हणजे वावराचे बांध, दरवर्षी वीतभर आत सरकतात अन् वीस वर्षांत बैलबंडी जाईल एवढी जागा राहत नाही. म्हणून नकाशा पाहिल्यावर मोबाईलवर सॅटेलाइट फोटो पहायचा. बोरी-बाभळीच्या दोन समांतर ओळी अन् मधात पांढुरकी रेघ दिसली तर पांदण जिवंत आहे. एकच हिरवी ओळ दिसली तर तो नुसता धुरा आहे.

अन् तिसरं, सगळ्यात पक्कं, पानठेला. पट्ट्या मारलेल्या नाहीत तर पट्टीचं काम माणसं करतात, पण विचारायचंही तंत्र आहे. पानठेल्यावर मी विचारलं, भाऊ नगरधनले रस्ता जाते का. तो पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला होता, वर न पाहताच म्हणे, "हाव ना, ह्या रोडनं सीधा." मी म्हटलं रोडनं नाही, पांदणीनं, पायी. आता त्यानं घोटणं थांबवलं. "पायी? नवस हाय का?" नाही. "गाडी खराब झाली का?" नाही भाऊ, फिरायले आलो. "जाऊन मंग परत रामटेकलेच येनार?" हाव. "मंग जाता कायले?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण मग त्यानं जे सांगितलं ते कोणत्याच ॲपमध्ये नव्हतं: शाळेच्या मागून घुसा, पहिल्या विहिरीपाशी उजवीकडे नका जाऊ, तिकडे कुत्रे आहेत.

तर रस्ता जातो का असं विचारू नका, त्याचं उत्तर डांबरी रोडच मिळते. विचारायचं, बैलबंडी जाते का? नाल्यावर रपटा आहे का? तिकडून गुरं येतात का? गुरं जिथून जातात तिथून माणूस जातोच. अन् किलोमीटर विचारू नका, "हे काय, जवळच हाय" हे पाच किलोमीटरलाही म्हणतात. चालत किती वेळ लागते विचारा अन् त्याच्यात अर्धा तास मिळवा, कारण ते लोक आपल्यापेक्षा फास्ट चालतात.

वावरातून जायची वेळ आली तर धुऱ्यावरून जा, बांधीत पाय टाकू नका. या भागात धुऱ्यावर तूर लावतात, ती मोडू नका. दिसेल त्याला आवाज द्या, "येऊ का इकडून?" एवढंच. आजपर्यंत कोणी नाही म्हटलं नाही, उलट दोनदा चहा झाला अन् एकदा हरभऱ्याचे घाटे पिशवीत भरून दिले.

आता अंधारात का निघू नका ते. रानडुकरांनी पीक खाऊन खाऊन शेतकरी टेकीला आला आहे, म्हणून वावराभोवती तार असते. काही ठिकाणी झटका मशीन असते, बॅटरीवरची, ती नुसता झटका देते. पण काही ठिकाणी रात्री सरळ लाईनवरून करंट सोडतात. बेकायदेशीर आहे, माणसं मेली, वाघ मेले, तरी सोडतात, अन् सकाळी बंद करायचं राहून जाऊ शकते. म्हणून कोणतीच तार हातानं उचलू नका, काठीनंही नाही, ओली काठी असली तर खल्लास. तार आडवी आली तर वळसा घाला किंवा मागं फिरा. फ्रान्समध्येही गाईंच्या कुरणाला करंटची तार असायची, मुलगी पिवळी पाटी दाखवायची. इथं पाटी नसते.

दुसरं म्हणजे जनावर. रामटेक तालुक्याच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, अन् वाघाला तालुक्याचा नकाशा कोणी दाखवलेला नाही. म्हणून चक्कर दक्षिणेलाच आखली आहे, खिंडसी तलावाच्या वरच्या अंगाला जंगलात पायी घुसायचं डोक्यातही आणू नका. राखीव जंगलात परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे ते वेगळंच. टेकडीच्या तुकड्यातही गप्पा मारत चला, कानात इअरफोन नको, उंच गवतात वाकून बसू नका, एकटे तर जाऊच नका. गुराखी भेटला की विचारायचंच, काही हालचाल आहे का. तो आज तिकडे नका जाऊ म्हणाला तर ऐकायचं, त्याच्या गाई त्याच जंगलात चरतात. मोहफूल वेचायच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाखाली वाघ-अस्वलाच्या घटना विदर्भात दरवर्षी ऐकतो आपण.

नगरधनला साडेदहा-अकरापर्यंत पोचायला हवं. किल्ला भुईकोट, चौकोनी, आत बावडी आहे अन् तिच्यात जमिनीखाली देवीचं ठाणं, भर दुपारी तिथं उतरलं की एकदम गार वाटते. दिसतो तो किल्ला नंतरच्या काळातला, पण गाव म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन. अलीकडच्या उत्खननात इथं राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर शंख आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवरा गेल्यावर लहान पोरांच्या नावानं तिनं इथून राज्य चालवलं. आपण ज्या वावरातून चालत आलो त्याच्या खाली हे सगळं आहे, हे किल्ल्यावर बसून पोळी खाताना डोक्यात आलं की पाय दुखायचे थांबतात, निदान माझे तरी.

जेवण सोबत न्या. पोळी-झुणका, हिरवी मिरची, अन् घरी कोणी करून देत असेल तर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, ती गारही चांगली लागते. संत्री चार-पाच, पाण्यापेक्षा तीच कामी येतात. पाणी माणशी तीन लिटर, अर्धं नगरधनला संपलं पाहिजे, तिथं परत भरा, ज्या हापशीवर गावातल्या बाया भरून राहिल्या तीच हापशी घ्या, बाजूची रिकामी असली तरी नको.

परतताना त्याच रस्त्यानं यायचं नाही, नाहीतर गोल कसला. पण हा भाग उन्हाचा, म्हणून परतीची पांदण डांबरी रोडपासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतच निवडायची. चक्कर अशी आखा की मधात किमान दोन ठिकाणी तोडता आली पाहिजे, कोणाचा पाय मुरगळला, लेकरू कुरकुरलं, की रोडवर येऊन काळीपिवळी जीप नाहीतर ऑटो पकडला. माझ्या मोबाईलवर पूर्ण चक्कर अठरा-एकोणीस किलोमीटर भरते, थांबत-थांबत सात-आठ तास. रामटेकजवळ आल्यावर पानमळा दिसला अन् कोणी बरई आत असला तर विचारून डोकावून या, रामटेकचं पान जुनं नावाजलेलं, आत हिरवा अंधार अन् गारवा असतो.

कपड्याचं एकच सांगतो, पॅन्ट सुती नको, गुळगुळीत नायलॉनची घाला. नोव्हेंबरनंतर गवत वाळते अन् कुसळं मोज्यात, पॅन्टीच्या दुमडीत, बुटाच्या जिभेखाली घुसतात. हे मोजे घराच्या बाहेरच काढा अन् वेगळे धुवा. मी एकदा मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांसोबत टाकले होते, आठवडाभर बायकोच्या ओढणीतून कुसळं निघत होती.