मजकुराचा आकडा करताना या चुका टाळा

कापूस वेचणीचा हिशेब पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करायचा, हा उपद्व्याप मी दिवाळीनंतर अंगावर घेतला. वावरात काटा लागला की आई वहीत किलो मांडायची, धाकटा भाऊ ते मोबाइलवरून शीटमध्ये चढवायचा आणि माझी स्क्रिप्ट मजुरी काढायची. बाजाराच्या दिवशी चुकारा झाला अन् संध्याकाळी एक मावशी दारात. "माह्या एकवीस किलोचं काय झालं रे बाबू?"

शीटमध्ये ‘21 कि.’ असं होतं. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट() फंक्शनला ते पचलं नाही, त्यानं व्हॅल्यूएरर दिला, म्हणजे ‘याचा आकडा होत नाही’. आणि मी एक्सेप्टखाली, म्हणजे एरर आला तर काय करायचं त्या जागी, लिहून ठेवलेलं : शून्य धर, पुढं चल. स्क्रिप्ट अडली असती तर मला तेव्हाच कळलं असतं. मावशीला दारापर्यंत यावं लागलं नसतं.

शून्य भरायचंच नाही. ज्या दिवशी बाई आलीच नाही, तिथं आमच्याकडे ‘खाडा’ लिहितात किंवा घर रिकामं सोडतात. तो नन (None), म्हणजे पायथॉनचं ‘काहीच नाही’, ठेवा. खाडा वेगळा, शून्य किलो वेगळे, आणि न वाचता आलेली नोंद तर या दोन्हींहून वेगळी.

मला वाटलं होतं, मराठी आकड्यांवर गाडी अडेल. नाही अडत, पायथॉनचा इंट() ‘३५’ बिनबोभाट वाचतो, मागचीपुढची मोकळी जागाही सोडून देतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतला तसाच पार्सइंट मात्र ‘३५’ला नॅन (NaN), म्हणजे ‘आकडाच नाही’, म्हणतो. त्याची दुसरी खोड जास्त महागात पडते. ‘1,120’ दिलं तर स्वल्पविरामापाशी थांबून 1 परत करतो, एररही देत नाही. दिवसभराचा कापूस एक किलो! स्वल्पविराम आधीच काढून टाका.

‘35.5’वर इंट() अडतो, म्हणून बरेच जण आधी फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, करून मग इंट करतात. त्यानं एरर जातो, अर्धा किलोही जातो, आणि तो दरवेळी मजुराचाच जातो. जवळच्या पूर्णांकाला नेणारं राउंड() वापरलं तरी पायथॉन 34.5चे 34 करतो आणि 35.5चे 36, कारण बरोबर अर्ध्यावर तो सम आकड्याकडे झुकतो. मी आता डेसिमलनं, म्हणजे दशांश जसाच्या तसा ठेवणाऱ्या प्रकारानं, वाचून ग्रॅममध्ये साठवतो : 35500. वाद मिटला.

बँक खाते क्रमांक आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर यांचा आकडा करूच नका. खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडतात, ‘45/2’चं तर काहीच होत नाही. त्यांची बेरीज कोणाला करायची आहे?

ट्राय म्हणजे एक्सेप्टच्या वरचा, जिथला एरर पकडला जातो तो भाग. त्यात सगळ्या नोंदींवरून फिरणारा अख्खा लूप कोंबू नका, नाहीतर पहिल्या खराब नोंदीवर उरलेली यादी गळते. फक्त रूपांतराची ओळ आत ठेवा, नुसता एक्सेप्ट न लिहिता व्हॅल्यूएररच पकडा, आणि ओळ क्रमांक, नाव, मूळ मजकूर वेगळ्या यादीत टाका. मजकूर रेप्र() लावून छापा, ते न दिसणारी अक्षरं खुणेनं दाखवतं. कॉपी-पेस्टमधून आलेलं न दिसणारं अक्षर त्यातच सापडतं. एकदा शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ होता, तो यादीत आला म्हणूनच सापडला, डोळ्यांनी कधीच दिसला नसता.

गेल्या आठवड्यात त्या यादीत एकच नोंद उरली : ओळ 14, ‘३५॥’. मी, भाऊ, दोघंही बघत बसलो. आईनं चष्मा लावला. "साडेपस्तीस. वाचता येत नाही का तुह्या मशीनला?"