चर खणताना दीड मीटरची खूण लक्षात ठेवा

ड्रेनेज किंवा पायासाठी चर खणणाऱ्या कंत्राटदारांनो, खोली दीड मीटरच्या पुढे गेली की बाजूंना फळ्या-टेकूंचा आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय माणूस आत उतरवू नका. "तासाभराचं तर काम" म्हणूनच आधार टाळला जातो, आणि माती काही तास मोजत नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला डोकं बाहेर असूनही श्वास घेता येत नाही. काळी माती उन्हात तडकते, पावसात फुगते. म्हणून पाऊस पडून गेला की काठावरच्या भेगा आधी पाहा, मग काम.

उपसलेली माती काठाला लावू नका: दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकं, यांतलं जास्त अंतर सोडा. जेसीबीही लांब. शिडी हाताशी हवी.

रोज सकाळी मुकादमाने चराच्या काठावरच, मजुरांना कळेल त्या भाषेत, दहा मिनिटं हे दाखवावं. नवा माणूस आला की पुन्हा. माती ढासळलीच तर वाचवायला कोणी आत उडी घेऊ नये, दुसरी बाजूही कोसळते. आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन.