गोव्यातून बोटीवर जायचंय? आणि टगचा (मोठ्या बोटीला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटीचा) कॅप्टन व्हायचं असेल तर...

बारावीचा रिझल्ट लागला की डिचोली, पेडण्याकडून फोन सुरू होतात, "दादा, पोराला बोटीवर पाठवायचाय, कुठला कोर्स चांगला?" कोर्सचं नंतर बघू हो, आधी पोराचे डोळे तपासून घ्या. डीजी शिपिंगने (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) मान्यता दिलेला डॉक्टर असतो त्याच्याकडूनच, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून नको. रंगांधळेपणा निघाला तर डेकवरचा, म्हणजे बोट चालवण्याच्या बाजूचा, रस्ता तिथेच बंद, कारण रात्री समोरची बोट कुठे तोंड करून चाललीय ते तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच कळतं. लोक काय करतात तर आधी लाखांत फी भरतात आणि मेडिकल नंतर, मग रडारड.

डोळे पास झाले की ठरवायचं ते एकच: जगभर फिरायचंय की घरच्या पाण्यात राहायचंय. दोन्हीकडे शेवटी माणूस कॅप्टनच होतो पण कागद वेगळे, आणि एकीकडचे दुसरीकडे तसेच्या तसे चालत नाहीत. हे आधी कोणी सांगत नाही म्हणून निम्मी पोरं मध्येच लटकतात.

फॉरेन गोइंगला, म्हणजे परदेशी जाणाऱ्या बोटींवर, जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये 60 टक्के, इंग्रजीत 50, मग आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी. त्यानंतर एक वर्षाचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) करून 18 महिने कॅडेट म्हणून बोटीवर, मग सेकंड मेटची (ऑफिसरची पहिली पायरी) परीक्षा, पुढे फर्स्ट मेट, मग मास्टर, म्हणजे कॅप्टन. किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल. दहावीवर जायचं असेल तर जीपी रेटिंग, म्हणजे खलाशी, सहा महिन्यांचा कोर्स, वय साडेसतरा ते पंचवीस. रेटिंगवरून ऑफिसर होता येतं, 36 महिने सी टाइम (बोटीवरची सर्व्हिस) झाला की सेकंड मेटला बसता येतं, पण त्यासाठी बोटीवर वॉच (ड्युटीची पाळी) संपल्यावर झोपायच्या ऐवजी पुस्तक उघडावं लागतं आणि तिथेच बहुतेक गळतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: कंपनीची स्पॉन्सरशिप हातात असल्याशिवाय डीएनएसची फी भरू नका. कोर्स झाला आणि बोटच मिळाली नाही अशी कॅडेट पोरं ढीगभर आहेत.

आता घरचं पाणी. गोव्यात त्याचा कारभार पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (राज्याचं बंदर खातं). बार्जवर (खाणीचा माल नदीतून नेणारी सपाट बोट) खलाशी म्हणून लागायचं, सुकाणू धरायला शिकायचं, सर्व्हिस भरली की क्लास थ्री मास्टर (जुने लोक अजून सारंगच म्हणतात), मग टू, मग वन. मांडवी-जुवारीवर शिकलेला माणूस कुठेही उपाशी मरत नाही असं माझं मत. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडावरच्या रेतीच्या बांधावरून जाणं बंद झालं की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत काढायच्या, वळणं अरुंद, ओढ जोरात, तिथे जो हात बसतो तो क्लासरूममध्ये बसत नाही. पण 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा बार्ज जेटीला बांधून पडल्या आणि ज्यांच्याकडे फक्त नदीचा कागद होता ते अडकले. म्हणून नदीवर काम करतानाच सीडीसी (खलाशाचं सरकारी सर्व्हिस बुक) आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या ट्रेनिंगचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक कोर्स करून घ्या, आणि जमलं तर पुढे एनसीव्हीचा (निअर कोस्टल व्हॉयेज) कागद, म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्याने समुद्रात बोट चालवता येते आणि बऱ्याच टगवाल्या कंपन्या आज तेच मागतात. जाहिरातीत नीट वाचा, बंदराच्या हद्दीतल्या टगला वेगळा कागद आणि भर समुद्रात टो करायला (दोराने ओढून न्यायला) वेगळा.

टगवर थेट कॅप्टन म्हणून कोणी घेत नाही, फॉरेन गोइंग मास्टर असलात तरी काही दिवस शेजारी उभं राहून बघावंच लागतं. मुरगावला मोठी बोट पायलट (बंदरात वाट दाखवणारा कॅप्टन) घेऊन आत येते तेव्हा टग तिच्या नाकाखाली जाते, वरून हीव्हिंग लाइन (फेकायची बारीक दोरी) पडते, आपला खलाशी तिला मेसेंजर (मधला दोर) बांधतो, मग टो लाइन (ओढायचा जाड दोर) वर जाते. तेवढा वेळ तुम्ही तिच्याच स्पीडने तिच्या अगदी जवळ पळताय आणि नाकाजवळचं पाणी तुम्हाला कधी ढकलतं कधी ओढतं. आजच्या बऱ्याच टग एएसडी जातीच्या, त्यांना मागे दोन थ्रस्टर (पंखे), दोन्ही गोल फिरतात, दोन हातात दोन लिव्हर, आणि व्हीएचएफ रेडिओवर पायलट सांगतो पुश हाफ, स्टॉप, पुल ईझी. ऑर्डर आली की तीच परत बोलून दाखवायची, मग करायची. नवीन माणूस लिव्हरकडे बघत बसतो, जुना दोराकडे बघतो. दोर आडवा, टगच्या कुशीवर आला आणि बोटीचा स्पीड जास्त असला तर टग बघता बघता कलंडते, त्याला गर्टिंग म्हणतात, सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून इमर्जन्सी रिलीज (दोर झटक्यात सोडायचं बटण किंवा लिव्हर) कुठेय ते अंधारात हाताला सापडलं पाहिजे, टो चालू असताना डेकवरचे दरवाजे-हॅच बंद, उकाडा कितीही असो. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत खलाशी उभा दिसला तर आधी त्याला हाकला, शिव्या घालायला लागल्या तरी चालतील.

शिकायचं असेल तर खलाशी किंवा मेट म्हणून लागा, मास्टरशी गोड राहा, आणि मोकळ्या पाण्यात, बोट नसताना, लिव्हर मागून घ्या. दहातले आठ नाही म्हणतात, दोघं देतात.

कागदांचं आता पटकन. साइन ऑफ करताना (बोट सोडताना) दर वेळी टगचं टनेज, इंजिनची किलोवॅट पॉवर, तारखा, तुमचं पद हे सगळं सही-शिक्क्यासकट घ्याच, नंतर कंपनी बंद पडली की कोणाकडे जाणार? फोटोकॉपी घरी, स्कॅन मेलवर. आणि वास्को, मडगावात "गल्फला टगवर लावतो, अमुक इतके द्या" म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स) नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. लायसन्सवाल्याला नोकरी लावायचे पैसे तुमच्याकडून घेताच येत नाहीत, नियमच आहे तसा, तेव्हा पैसे मागितले की चहा संपवून उठा.