ब्लेंडरमध्ये ऊन चमकत नव्हतं, त्याचं कारण सापडलं

वाड्याच्या माजघराचं एक दृश्य ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत होतो. खिडकीच्या गजांमधून सकाळचं ऊन आत यायला हवं होतं आणि गजांच्या कडा त्या उजेडात विरघळायला हव्या होत्या. पण ग्लेअर नोड (तेजस्वी भागांभोवती चमक पसरवणारा इफेक्ट) लावला की खिडकी आणि चुन्याची भिंत दोन्ही सारखीच धुरकट पांढरी व्हायची. सन लाइटची स्ट्रेंग्थ 5 वरून 12 केली, तरी तेच. दोन रात्री यातच गेल्या.

चूक निघाली फाइलमध्ये. रेंडर, म्हणजे तयार झालेलं चित्र, पीएनजीत सेव्ह करून मग त्यावर ग्लो चढवत होतो. पीएनजीत उजेडाचा आकडा 1 म्हणजे पूर्ण पांढरं, त्याच्या वरचं सगळं 1 वर छाटलं जातं. उन्हातली भिंत 1, आणि खिडकीबाहेरचा झगमगाट मुळात 40 असला तरी तोही 1. मग नोडला कळणार कसं, कुणी चमकायचं ते?

आता ओपनईएक्सआर या फाइल प्रकारात सेव्ह करतो. त्यात मूळ आकडे टिकतात. ग्लेअर नोडमध्ये फॉग ग्लो हा प्रकार निवडला, थ्रेशोल्ड (ज्या आकड्याच्या वर चमक सुरू होते तो) 4 ठेवला. भिंत शांत झाली आणि गजांच्या काठावर उजेड अलगद सांडला. ते बघून खरंच जीव सुखावला.

सन लाइटचा अँगल (म्हणजे सूर्यबिंब केवढं दिसतं ते) मात्र 0.53 अंशांच्या आसपासच ठेवा, पृथ्वीवरून सूर्यबिंब साधारण तेवढंच दिसतं. 0 केला की सावली ब्लेडने कापल्यासारखी येते. खऱ्या उन्हात गजाची सावली गजापासून जितकी लांब पडते, तितकी तिची कड मऊ होत जाते.

ईव्ही (ब्लेंडरचं झटपट रेंडर करणारं इंजिन) वापरणाऱ्यांसाठी: ब्लूम हा चमकेचा जुना पर्याय ब्लेंडरच्या 4.2 आवृत्तीपासून नाही, तिथेही कंपोझिटरमधूनच (जिथे ग्लेअर नोड लावतात) करावं लागतं.