लॉग फंक्शन इनलाइन होत नसेल तर

सी भाषेत लॉग (प्रोग्राम चालतानाच्या नोंदी) लिहिणाऱ्या फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट देता यावीत म्हणून त्यात व्हीए_स्टार्ट (ती आर्ग्युमेंट वाचायला सुरुवात करणारी सोय) वापरले, की पुढे ‘इनलाइन’ लिहूनही जीसीसी हा कंपाइलर त्या फंक्शनचा कोड कॉलच्या जागी उतरवत नाही. ऑलवेज_इनलाइन हे ‘इनलाइन कराच’ असे सांगणारे अ‍ॅट्रिब्यूट लावून हट्ट धरलाच, तर सरळ एरर येते. एरवी कंपाइलर मुकाट्याने साधा कॉल करतो, म्हणून ‘डब्ल्यू-इनलाइन’ ही वॉर्निंग चालू ठेवावी. लिनक्सच्या 64 बिट एक्स86 मशीनवर अशा फंक्शनला रजिस्टरमधली आर्ग्युमेंट साठवायला स्टॅकवर 176 बाइटपर्यंत जागा लागते, आणि लॉग बंद असतानाही कॉलचा खर्च सुटत नाही.

हा खर्च टाळण्यासाठी लॉगच्या पातळीची (किती महत्त्वाच्या नोंदी लिहायच्या याची) तपासणी फंक्शनमधून बाहेर काढून सी99 (सी भाषेचे 1999 चे प्रमाण) मधल्या व्हॅरिएडिक, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या, मॅक्रोत ठेवावी, म्हणजे अट खोटी असताना कॉल होतच नाही आणि आर्ग्युमेंटमधली आकडेमोडही टळते. (तिथे कोणी ‘आय++’ लिहिले असेल तर तेही घडणार नाही, पण ती सवय मुळातच वाईट.) मॅक्रोचा मजकूर डू-व्हाइल(0) मध्ये गुंडाळावा, नाहीतर बाहेरच्या इफचा एल्स भलत्याच इफला चिकटतो. इनलाइन फंक्शनमधून अशी आर्ग्युमेंट पुढे पाठवण्यासाठी जीसीसीत बिल्टिन_व्हीए_आर्ग_पॅक हे स्वतंत्र साधनही आहे, मात्र क्लँग या दुसऱ्या कंपाइलरला ते चालत नाही.