आरोग्य केंद्राची जागा विक्रीला निघाली, तर सभेत बाजू कशी मांडावी

आरोग्य केंद्राची इमारत किंवा रुग्णालयाची जमीन विकण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो, तेव्हा विषयपत्रिकेवर आरोग्याचा शब्दही बहुधा नसतो. तिथे ‘वापरात नसलेल्या मालमत्तेची विल्हेवाट’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि चर्चा किमतीभोवतीच फिरत राहते. म्हणून बोलायला उभे राहताच पहिली मागणी अशी करावी की, जागेचा आणि सेवेचा निर्णय एकाच ठरावात व्हावा. सेवा कुठे, कोणत्या तारखेपासून, किती कर्मचाऱ्यांनिशी आणि कोणाच्या खर्चाने चालणार, हे ठरावात लिहिलेले नसेल, तर तो मतास टाकू नये.

सभेपूर्वी मूल्यांकन अहवाल, करारनाम्याचा मसुदा आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी लेखी अर्जाने मागाव्यात. जमिनीचा मूळ दस्तऐवज तर आवर्जून पाहावा. ती दानात मिळालेली असेल आणि दानपत्रात तिचा वापर रुग्णसेवेसाठी बांधून दिलेला असेल, तर विक्री कायद्याने शक्य आहे का, हाच प्रश्न आधी सोडवावा लागेल; त्यासाठी वकिलाचे मत घ्यावे.

मिळणारी रक्कम मोठी दिसते, पण ती एकदाच मिळते. शिकागो शहराने २००८ साली रस्त्यांवरील पार्किंग मीटर, म्हणजे वाहन उभे करण्याचे शुल्क घेणारी यंत्रे, ७५ वर्षांसाठी सुमारे १.१५ अब्ज डॉलरला खासगी कंपनीकडे सोपवले. नगरसेवकांना विचारासाठी जेमतेम काही दिवस मिळाले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे शहर प्रशासनाच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अहवाल दिला की, मीटर शहराकडेच राहिले असते तर त्यांचे मूल्य मिळालेल्या रकमेपेक्षा किमान ९७.४ कोटी डॉलरने अधिक ठरले असते. ते मीटर होते, दवाखाना नव्हे. पण घाईने केलेल्या दीर्घ कराराची किंमत यातून नेमकी कळते. इमारत विकून तीच भाड्याने परत घेण्याची योजना असेल, तर पहिल्या वर्षाचे भाडे ऐकून थांबू नये. दरवर्षीची भाडेवाढ, दुरुस्तीची जबाबदारी आणि मुदत संपल्यावर जागा सोडावी लागेल का, हे एकेक कलम वाचून विचारावे.

सभेत सर्वाधिक परिणाम होतो तो साध्या, मोजलेल्या माहितीचा. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा यावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे ४ तास यंत्राला जोडून राहावे लागते. केंद्र दूर गेले, तर त्याला जाता-येता मिळून आठवड्यातून ६ वेळा जास्तीचा प्रवास पडतो, तोही थकलेल्या शरीराने आणि पुष्कळदा सोबतीच्या माणसाची मजुरी बुडवून. असा एका रुग्णाचा आठवडा, त्याच्या संमतीने आणि नाव न घेता, वेळेसह सांगावा. लसींबद्दलही विचारावे: बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. मग स्थलांतराच्या काळात त्यांची साठवण कोण सांभाळणार? ‘पर्यायी व्यवस्था केली जाईल’ हे उत्तर मुळीच पुरेसे मानू नये.

विरोध मात्र सरसकट नसावा. खरोखर रिकामी पडलेली इमारत विकून आलेला पैसा आरोग्याच्याच भांडवली खर्चासाठी, म्हणजे इमारत, यंत्रे यांसारख्या टिकाऊ गोष्टींसाठी, स्वतंत्र खात्यात राखला जाणार असेल, तर त्या प्रस्तावाला पाठिंबा द्यावा; अशा माणसाच्या हरकतीला मग वजन येते. मात्र तोच पैसा चालू खर्चाची तूट भरायला जाणार असेल, तर पुढच्या वर्षी तूट पुन्हा उभी राहील आणि इमारत गेलेली असेल, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

विक्री टळत नसेल, तर विक्रीच्या ठरावातच दुरुस्ती सुचवावी: नवीन केंद्र प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुन्याचा ताबा देऊ नये आणि खरेदीदाराने ठरलेला वापर बदलल्यास जागा परत घेण्याचा हक्क करारात असावा. आपले म्हणणे लेखी देऊन त्याची पोच घ्यावी, आणि पुढील सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी आपली हरकत त्यात शब्दशः आली आहे का, ते वाचून पाहावे.